निळ्या फितीची बरणी

आमच्या पोर्तो दो सिरी गावच्या मासळीबाजारासमोर त्या शनिवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. होड्या काठालाच बांधलेल्या, खेकडे चिखलात सुखरूप, आणि सगळं गाव रक्त पारखणाऱ्या फिरत्या बुवाच्या, बंधू एलिसेऊच्या, पांढऱ्या गाडीभोवती माना उंच करून उभं.

गाडीपुढे टेबल, टेबलावर दोन मोठ्या काचेच्या बरण्या. एकीच्या गळ्यात निळी फीत, दुसरीच्या गळ्यात लाल. निळी पुरुषांची, लाल बायकांची. रांगाही दोन. "पुरुषाचं आणि बाईचं रक्त एका पाण्यात उतरू नये," असं बंधूंनी सांगितलं आणि गावाला ते फार सभ्यपणाचं वाटलं. सभ्यपणाचं नाव काढलं की आमचं गाव डोकं काढून बाजूला ठेवतं.

"दवाखान्यात नळीभर रक्त काढतात आणि हातात कागद देतात!" बंधू गरजले. "कागद कोण लिहितं? माणूस! माणूस चुकतो. माझं पाणी सात झऱ्यांचं. सात झरे कधी चुकलेत?"

झरे कसे चुकतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग लिंबाच्या काट्याने बोट टोचायचं आणि एक थेंब बरणीत सोडायचा. तरंगला तर रक्त शुद्ध. बुडाला तर रक्तात पिढ्यानपिढ्यांची घाण. सकाळपासून आलेल्या एकूण एक पुरुषाचा थेंब निळ्या फितीच्या बरणीत दिमाखात तरंगला होता, आणि एकूण एक बाईचा लाल फितीच्या बरणीत शेपूट पसरत तळाला गेला होता. दारू ढोसून जाळ्यांच्या ढिगावर लोळणाऱ्या दामियाओचासुद्धा तरंगला! एवढं डोळ्यांदेखत घडूनही एका पुरुषाला शंका आली नाही. येईल कशी? फुकटचं मोठेपण कुणाला कडू लागतं?

जुरांदिर त्याच रांगेत होता. खारवलेल्या माशांचा आणि सुक्या कोळंबीचा त्याचा धंदा. गडी आडमाप, तब्येतीने खणखणीत. पण त्याची आठ वर्षांची तायनारा महिन्या-दोन महिन्यांनी हातपाय धरून किंचाळायची. जन्मल्याबरोबर तिच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. डॉक्टर इवोनेतेबाईंनी तेव्हाच आईबापांना तपासणीला बोलावलं होतं. आई जाऊन आली. बाप आजतागायत गेला नव्हता. "मी मिठाची पोती एका हाताने उचलतो. माझ्या रक्ताला काय धाड भरलीय?" असं तो म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटायची, आणि भीती वाटते हे सांगायची त्याहून जास्त लाज.

त्याचा थेंब पडला आणि वरच राहिला, लालभडक.

"तरला! जुरांदिर तरला!" लोक ओरडले. कुणीतरी पाठीवर थाप मारली.

शेजारच्या बरणीत त्याच्या बायकोचा, रायमुंदाचा, थेंब बुडाला.

बंधूंनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. "पाहा! पोरीचं दुखणं कुठून आलं ते पाणीच बोललं!"

आणि जुरांदिरला स्फुरण चढलं. आठ वर्षं पोटात कुजत पडलेलं त्याने भर बाजारात ओकून टाकलं. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो! माझ्या घराण्यात असलं काही नाही. हिच्या रक्तातच खोट आहे!"

बाजार हसला. रायमुंदाने बोटावरचं रक्त झग्याला पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

बंधूंचं मन मोठं. त्यांनी तायनाराला पुढे घेतलं आणि बापाच्या शुद्ध रक्ताचा गुण पोरीला लागावा म्हणून निळ्या फितीच्या बरणीतलं गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. पोर शहारली. पाणी ओठांवर ओघळलं, तिने जीभ फिरवली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"बाबा, हे खारट आहे. तुझ्या पिंपातल्या पाण्यासारखं."

"गप्प बस," जुरांदिर दबक्या आवाजात म्हणाला. "देवाचं पाणी आहे."

"पण खारट आहे, बाबा."

"गप्प म्हटलं ना!" त्याने तिचा दंड असा आवळला की ती पुढे बोललीच नाही.

त्याने ऐकलं होतं, बरं का. नीट ऐकलं होतं. पण ज्या पाण्याने त्याला भर बाजारात निर्दोष ठरवलं, त्या पाण्याची चव त्याला बघायचीच नव्हती.

बंधूंनी उपाय सांगितला: मुळ्यांच्या काढ्याची बाटली, रोज पहाटे गार पाण्याची अंघोळ, दवाखान्याच्या गोळ्या बंद, आणि बुडालेल्या रक्ताचा हात पोरीच्या अन्नाला लागता कामा नये. बाटली अर्थात बंधूंकडेच मिळत होती.

"मला घालवायचंय का तुला?" रात्री भांडी आवरताना रायमुंदाने विचारलं.

"थोडे दिवसच. आईकडे जा. पोरीसाठी म्हणतोय."

"पोरीसाठी?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "जाते. पण गोळ्या बंद करू नकोस, जुरांदिर. मला हवं ते बोल, गाढवावर बसवून धिंड काढ, पण तिच्या गोळ्या बंद करू नकोस."

"बरं."

बरं म्हणाला खरा. दुसऱ्या दिवशी रायमुंदा होडीने पैलतीरी माहेरी गेली आणि गोळ्या फळीवर मागे सरकल्या.

आठवडाही नीट गेला नाही. एका सकाळी गार अंघोळीनंतर तायनारा जी लटपटायला लागली ती खालीच बसली. पाय दुखतो म्हणाली, मग पाठ, मग छाती, आणि मग शब्दच फुटेना. जुरांदिरने तिला उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटला. वाटेत दामियाओ "काय झालं रे?" म्हणून ओरडला, तरी तो थांबला नाही.

सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला. डॉक्टर इवोनेतेबाई पोरीची नाडी धरून होत्या.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हो... म्हणजे हो," जुरांदिर म्हणाला.

मास्कच्या आतून बारीक आवाज आला. "बंद आहेत. आणि मला गार पाण्याने अंघोळ घालतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. डॉक्टरीणबाई रागावल्यासुद्धा नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"या पोरीला गारठा बाधतो, जुरांदिर. शरीरातलं पाणी कमी झालं तर बाधतं. हे तुला दर वेळी सांगितलंय." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "चल, बाही वर कर."

"माझं कशाला? माझं तर तरंगलं—" तो बोलता बोलता थांबला.

"काय तरंगलं?"

"काही नाही." त्याने बाही वर केली.

निकाल यायला काही दिवस लागले. तोवर रायमुंदा पैलतीराहून आली होती आणि लेकीच्या उशाशी बसून होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवलं.

"रक्त कसं घडवायचं याचा निरोप शरीराकडे दोनदा येतो. एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेला असला आणि दुसरा बरा असला तर भागून जातं. माणूस ठणठणीत राहतो, पोती उचलतो, त्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही दोघं तसेच आहात. पण पोरीकडे दोन्हीकडून बिघडलेलाच आला, म्हणून तिच्या रक्तपेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात."

"म्हणजे माझ्याकडूनही?" जुरांदिरने विचारलं.

"बरोब्बर अर्धं तुझ्याकडून. आणि पुढच्या प्रत्येक मुलालाही हा धोका राहील, म्हणून आधी येऊन बोला. यात गुन्हा कुणाचाच नाही. तुम्हाला तुमच्या आईबापांकडून आलं, त्यांना त्यांच्या. आजार असा न विचारता येतो. पण तपासणीला तरी तू आठ वर्षांपूर्वी यायचं होतंस."

रायमुंदाने तेव्हाही त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने लेकीची चादर सारखी केली.

संध्याकाळी जुरांदिर कोळंबी खारवायला बसला. पिंपात पाणी, पाण्यात मीठ. मग रोजच्या सवयीने त्याने अंडं सोडलं. आमच्याकडे मीठ मोजून घालत नाहीत, अंडं तरंगलं की मीठ पुरलं. त्याच्या बापानेही असंच केलं, आजानेही. अंडं डुबकन खाली जाऊन वर आलं आणि तरंगत राहिलं.

जुरांदिर ते बघत राहिला. अरे देवा! जन्मभर ज्याने मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवली, त्याने बरणीतला थेंब बघून ओळखू नये? आणि ओळखू नये कसलं, पोरीने तोंडावर सांगितलं होतं! तो दोन्ही हात डोक्याला लावून तिथेच बसला. कोळंबी वास मारायला लागली तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने रायमुंदाला दवाखान्याच्या ओसरीवर गाठलं. "चुकलो मी," म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

"इथे?" ती म्हणाली. "इथे कोण आहे ऐकायला? बोललास तेव्हा भर बाजारात बोललास. चुकलो म्हणायला मात्र कोपरा शोधलास होय?"

शनिवारी बंधूंची गाडी पुन्हा आली. पुन्हा दोन बरण्या, दोन रांगा. जुरांदिर आला आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

एकच हशा पिकला. "अरे जुरांदिर, झगा घालायला विसरलास का?" दामियाओ ओरडला. "बायको गेली म्हणून तिची जागा धरलीस काय?" जुरांदिरचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. त्याच्यापुढच्या म्हाताऱ्या बाईने हसत हसत जागा करून दिली.

टेबलापाशी पोचल्यावर बंधूंनी हात आडवा केला. "बाळा, तुझी बरणी ती."

"माझं रक्त शुद्ध आहे ना? मग कुठल्याही पाण्यात तरंगेल." त्याने बोट टोचलं आणि लाल फितीच्या बरणीत थेंब सोडला.

थेंब बुडाला.

हसणं थांबलं. तेवढ्यात रायमुंदा गर्दीतून पुढे आली, तिने काटा उचलला, आणि बंधू "अगं, अगं!" करेपर्यंत तिचा थेंब निळ्या फितीच्या बरणीत पडला. तरंगला, अगदी ऐटीत.

"संशय!" बंधू किंचाळले. "यांच्या मनात संशय आहे! श्रद्धा ढळली की पाणी उलटं बोलतं!"

जुरांदिरने खिशातून अंडं काढलं. "मग या अंड्याला विचारू. अंड्याला श्रद्धाही नाही आणि संशयही नाही."

अंडं लाल फितीच्या बरणीत तळाला गेलं. तेच काढून त्याने दुसऱ्या बरणीत सोडलं, तर ते वर येऊन डुलायला लागलं. आता मासळीबाजारातल्या माणसांना याचा अर्थ सांगावा लागतो का? म्हाताऱ्या बाईने त्याच बरणीत बोट बुडवून चाटलं आणि थुंकली. "मीठ! शुद्ध मीठ! मेल्यांनो, तुमच्या मर्दानगीत मीठ आहे!"

बंधू झरे, शाप आणि नरक असं सगळं एकदम बोलत गाडीकडे सरकत होते. त्यांच्याकडे कुणी लक्षच देईना, कारण जुरांदिर बोलायला लागला होता. त्याचा आवाज फाटत होता.

"मीठ माझा धंदा आहे. पोरीने मला तेव्हाच सांगितलं, पाणी खारट आहे. मी तिचं तोंड बंद केलं. मला बुडायचं नव्हतं म्हणून मी बायकोला बुडवलं. पोरीच्या गोळ्या बंद केल्या. दवाखान्यात माझी तपासणी झाली. पोरीच्या दुखण्यातला अर्धा वाटा माझा आहे. रायमुंदाच्या रक्तात खोट नाही. खोट माझ्या बोलण्यात होती. मला लाज वाटते."

"म्हणजे आमचंही..." दामियाओने हळूच विचारलं, "आमचंही तरलं ते मिठावरच?" एकेक पुरुष जमिनीकडे बघत मागे सरला. घरी जाऊन त्या रात्री कोण आपल्या बायकोशी काय बोललं ते मला ठाऊक नाही. बंधूंची गाडी निसटली. खाडीपलीकडच्या कुठल्या तरी गावात आज तिथल्या पुरुषांचं रक्त तरंगत असेल.

रायमुंदा घरी आली नाही. "तायनारा बरी होईपर्यंत माझ्या आईकडे राहील. मीही. तू येत जा," एवढंच तिने सांगितलं. तो रोज होडीने पैलतीरी जातो आणि समोर बसून पोरीला गोळी देतो.

एकदा गोळी गिळून तायनाराने विचारलं, "बाबा, आईचं रक्त वाईट नाही ना?"

"नाही, बाळ."

"तुझं?"

"माझंही नाही."

"मग माझं?"

"कुणाचंच वाईट नाही गं. आजार आहे, त्याला औषध आहे."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर तू तसं का म्हणालास? मला वाटलं, मी पण घाण आहे."

जुरांदिर लेकीसमोर ढसाढसा रडला.

लोकहो, आईबापांकडून नाकडोळे येतात तसे आजारही येतात. सिकलसेल येतो, आणि मधुमेहातही घराण्याचा थोडा वाटा असतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोघांनी दवाखान्यात जा, दोघांनी बाही वर करा, आणि जो निकाल येईल तो दोघांनी मिळून ऐका. आणि एखादा बुवा तुम्हाला निर्दोष ठरवून तुमच्या शेजारच्या माणसाला दोषी ठरवायला लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याचं पाणी चाखून बघा.