वरचा एक रुपया

लातुरात क्लासला आलेल्या पोरांना लागेल ते सगळं मी विकते. वह्या, बादल्या, मच्छरदाण्या, चिवडासुद्धा. दुकान खाली आणि वर मुलींसाठी कॉट बेसिसच्या खोल्या. गंमत अशी की आमचं गिऱ्हाईक लातुरात नसतंच. बाप हदगावला, आई धर्माबादला, आणि पोरगं इथं मेडिकलच्या नीट परीक्षेमागं लागलेलं. घरचे फोनवर बादली निवडतात, तिथूनच पैसे भरतात आणि आम्ही ती पोराच्या खोलीवर पोचवतो. हे ॲप माझ्या भावाची लेक अर्शी हिनं बनवलं; मी तिची फुप्पी, म्हणजे आत्या. डोकं तिचं, ओरडणं माझं, असा आमचा धंदा चालतो.

वरच्या खोलीत राजकन्या राहायची. निलंग्याकडची, अभ्यासात एक नंबर, पण कानानं जवळजवळ बहिरी. तिचं जुनं मशीन क्लास सुरू झाल्या झाल्या बंद पडलं आणि तीनशे पोरांच्या हॉलमध्ये तिला नुसते सरांचे हलणारे ओठ दिसायला लागले. नवं मशीन सव्वीस हजारांचं. तिचे वडील मलप्पा येऊन सरळ म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो बाई. ऐकूच येत न्हाई तर हितं ठेवून काय करू? घेऊन जातो."

मी म्हटलं, मी देते. गडी एकदम ताठ झाला. "भूकंपानंतर लई दिवस पत्र्याच्या शेडात लोकांच्या दिलेल्यावर काढले. आता एका माणसाचं एवढं मोठं घ्यायचं न्हाई."

मला असा राग आला म्हणता! पण अर्शी शांतपणे म्हणाली, "काका, एका माणसाचं नाही घ्यायचं. हजारो लोकांचे चार-चार रुपये घेतले तर?"

मलप्पानं जरा विचार केला. "मग ते गावानं केल्यासारखं झालं. ते चालंल."

झालं! अर्शीनं त्याच रात्री ॲपमध्ये एक चौकोन टाकला. बिल तीनशे सत्तेचाळीस झालं आणि चौकोनावर टिक केली की ते तीनशे पन्नास व्हायचं. वरचे तीन रुपये 'एका विद्यार्थिनीच्या कानाच्या मशीनसाठी'. राजकन्येचं नाव कुठं नाही. मी तर हवेतच होते. दिवसाला चारशे ऑर्डरी, आठवड्यात निम्मं मशीन घरात!

नऊ दिवसांत सहाशे चौदा रुपये जमले.

मी भडकले. एवढ्या फिया भरतात आणि तीन रुपये सुटत नाहीत? पण अर्शीनं स्क्रीन दाखवली. "फुप्पी, बघ ना, लोक टिक करतात. मग खाली एकूण आकडा बघतात आणि टिक काढून टाकतात. का काढतात तेच कळत नाही."

दसऱ्याला एकोणीस दिवस उरले होते. तेवढ्यात हदगावच्या ग्यानोबांची ऑर्डर पडली आणि त्यांनीही टिक करून काढली. मला राहवलं नाही, लावला फोन. "भाऊ, गादी घेतली, कुकर घेतला, आणि एका मुलीच्या कानासाठी सात रुपये जड झाले?"

"जड कशाला व्हतील, ताई? मी द्यायलाच निघालतो," ते म्हणाले. "पण बिल बघतो तर पुरं दोन हजार. शून्यावर दान करतेत का कुठं? पोराच्या परीक्षेचं साल हाय. वर एक रुपया पाहिजे का न्हाई?"

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. माझ्या अम्मीनं उभ्या जन्मात कुणाच्या लग्नात कोरे शंभर दिले नाहीत. शंभराला एक चिकटला नाही तर ती पाकीट बंद करायची नाही. आणि मी तिची लेक, मराठवाड्यातल्या आयाबापांना शून्यावर दान करायला सांगत होते, तेही परीक्षेच्या वर्षी! अर्शीला म्हटलं, "शेवटी एक आण. तीनशे पन्नास नाही, तीनशे एक्कावन्न. आत्ताच्या आत्ता!"

"फुप्पी, राउंड फिगर म्हणजे—"

"तुझी राउंड फिगर ठेव तिकडं!"

तासाभरात बदल झाला. पहिली ऑर्डर धर्माबादची, दोन उशा. टिक आली. आम्ही दोघी श्वास रोखून बघत बसलो. टिक तशीच राहिली! पाठोपाठ देगलूर, मग शिरूर अनंतपाळ. दुपारपर्यंत फोन नुसता वाजत होता आणि प्रत्येक बिलाच्या शेवटी एक. मी गल्ल्यावरून उठून नाचायचीच बाकी होते. ज्यांचं बिल मुळातच शून्यावर यायचं ते नुसता एक रुपया द्यायचे आणि तोही हौसेनं. एका बाईनं फोन करून विचारलं, "पोरीला ऐकू यायला लागलं का हो?" जणू तिचीच लेक.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी सव्वीस हजार पुरे झाले. मलप्पाला कळवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "किती लोकांचं?" अर्शी म्हणाली, पाच हजार सातशेच्या वर. त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला. मग म्हणाले, "राहू द्या तिला तिथंच."

नवं मशीन लावून राजकन्या क्लासला गेली त्या दिवशी माझं दुकानात लक्षच नव्हतं. पाच वाजता ती धावतच आली. दप्तर खांद्यावर, चेहरा लालेलाल. मी घाबरून विचारलं, "काय झालं? ऐकू आलं ना?"

"काकू, फिजिक्सचे सर जोक मारतात!"

"मग?"

"मला माहीतच नव्हतं! इतके महिने सगळे हसले की मी त्यांच्याकडं बघून हसायचे. मागून. कुणाला कळू नये म्हणून." तिला दम लागला होता. "आज मी सगळ्यांच्या आधी हसले. शेजारची पोरगी माझ्याकडं बघून हसली!"

माझे डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत. अर्शी म्हणाली, "जोक काय होता ते तरी सांग."

राजकन्येनं तो अगदी सरांसारखे हात हलवत सांगितला. इतका पाणचट जोक मी जन्मात ऐकला नव्हता. आम्ही तिघी पोट धरून हसलो.