हात न दाखवणारा दिग्दर्शक

चौथ्या मिनिटाला तिने चित्रपट थांबवला, दहा सेकंद मागे नेला आणि पुन्हा पाहिला. पडद्यावर दोन हात होते. दीपगृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचे, दिव्याची काच पुसणारे. मनगटापासून बोटांपर्यंत त्यांनी अख्खा पडदा व्यापला होता. नखांत अडकलेली काजळीही स्पष्ट दिसत होती.

तिने शेजारचा छापील कागद उचलला. ‘या दिग्दर्शकाचा संयम असा, की अख्ख्या चित्रपटात त्याने एकदाही माणसाचे हात दाखवलेले नाहीत. हात खिशात असतात, पाठीमागे असतात, चादरीखाली असतात. म्हणूनच इथे चेहरे बोलतात.’

‘एकदाही’खाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली आणि चित्रपट पुढे चालू केला.

प्रकाशनसंस्थेत तिचे काम तपासणीचे. पुस्तकातले सन, नावे, अंतरे, अवतरणे, जे जे तपासता येईल ते तपासायचे आणि शेवटच्या पानामागे सही करायची. ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे भिंग. तिला दोन्ही ठाऊक होते. सध्या तिच्या टेबलावर एका चित्रपट समीक्षकाचे निवडक लेख होते. एक्केचाळीस वर्षे दर रविवारी या माणसाने जुन्या-नव्या चित्रपटांवर आणि कॉमिक्सवर आपली मते ठोकून दिली होती. वाचक त्यांना काका म्हणत आणि त्यांच्याशी भांडत, पण रविवार चुकवत नसत.

दीपगृहाच्या चित्रपटावरचा लेख पुस्तकात पहिला होता. चित्रपटाची एकमेव प्रिंट गोदामाच्या आगीत गेली असे सगळे धरून चालले होते, त्यामुळे तो ओळखला जाई तो काकांच्या लेखामुळेच. न दिसणाऱ्या हातांवर दोन विद्यार्थ्यांनी प्रबंधही लिहिले होते. चित्रपट दोघांनीही पाहिलेला नव्हता. आणि आता एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर दुसरी प्रिंट सापडली होती, ती धुऊनपुसून लोकांसमोर येणार होती, आणि तपासणीसाठी तिच्याकडे आधीच पोचली होती.

संध्याकाळी ती प्रकाशकबाईंच्या केबिनमध्ये गेली.

“आता काय सापडलं?” बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघूनच विचारलं.

“काकांनी हा सिनेमा पाहिलेला नाही.”

“काहीतरीच! अगं, त्यांच्यामुळे तर तो जगला.”

“हात त्रेसष्ट वेळा दिसतात. आणि त्यांच्या लेखात शेवटी तो आजारी नातू अंथरुणातून उठतो, जिना उतरून धक्क्यावर धावत जातो. सिनेमात तो उठतच नाही. म्हातारा त्याच्या तोंडावर चादर ओढतो आणि दिवा लावायला वर जातो. तिथे संपतो.”

बाईंनी चष्मा काढला. “माणूस विसरतो गं.”

“विसरलं की आठवणीतून काहीतरी गळतं. नसलेला शेवट कुठून येईल?”

“तू लग्नाआधी नवऱ्याचंही ओळखपत्र तपासलं असशील.”

“दोनदा,” ती म्हणाली.

बाई हसल्या, पण लगेच थांबल्या. दोघींनाही तेच आठवले असावे. दोन वर्षांपूर्वी एका प्रवासवर्णनाच्या मागच्या पानावर तिची सही होती. लेखक म्हणे उंबरठा ओलांडून कुठे गेलाच नव्हता. सगळ्या प्रती परत मागवून लगद्यात घालाव्या लागल्या. तेव्हापासून कोणी गोड बोलले की ती आधी तारीख विचारायची.

“मंगळवारी पुस्तक छापायला जायचंय,” बाई म्हणाल्या. “पहिलाच लेख काढला तर लोक विचारणार. आणि ठेवला, तर सिनेमा लागल्यावर जास्त विचारणार. एक लेख खोटा म्हटल्यावर बाकीच्यांना कोण खरं मानेल? काकांची आयुष्यभराची कमाई आहे ती.”

“म्हणून मी सही करत नाहीये.”

“मग जाऊन त्यांनाच विचार. पण जरा बेतानं.”

ती सरळ विचारायला गेली नाही. विचारले की माणूस सावध होतो. शनिवारी सकाळच्या खेळाला काका जातात हे तिला ठाऊक होते. ती त्यांच्या मागे तीन ओळी सोडून बसली. नवा, गाजावाजा झालेला चित्रपट होता. काकांनी मांडीवर वही घेतली होती आणि पडद्यावरची नजर न हलवता ते अंधारात लिहीत होते. त्यांना डुलकी लागली नाही की ते मध्येच उठून गेले नाहीत. नायिकेची आई वारली तेव्हा व्हायोलिनांचा गलका सुरू झाला, आणि काका स्वतःशीच पण चांगले ऐकू येईल असे म्हणाले, “हो हो, रडतो. जरा दम धरा.” पुढच्या ओळीतल्या बाईने वळून पाहिले.

म्हणजे हा माणूस चित्रपट पाहतो. मग तोच एक का नाही? बाहेर पडताना तिचा संशय कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. याला कारण होते. लेखातली तपासता येतील अशी एकतीस विधाने तिने वेगळी काढली होती. त्यातली एकोणतीस बरोबर निघाली. दिव्याच्या तिसऱ्या काचेला तडा आहे. दाराची कडी बाहेरच्या बाजूने आहे. कोळसेवाल्याच्या टोपीला एक बटण कमी आहे. ऐकीव माहितीवर लिहिणारा माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींत घसरतो. इथे बारीक ते सगळे अचूक होते आणि चुकले होते ते नेमके डोळ्यांत भरणारे. चुकांची ही मांडणी तिला कुठल्याच खोटेपणात बसवता येईना.

रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या पत्नीने उघडले.

“या. तुम्हीच ना त्या, सगळं तपासणाऱ्या? यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तपासा जमलं तर. घेतल्या म्हणतात, आणि पाकीट तस्सं.”

“काकू, मी फक्त छापलेलं तपासते.”

“मग सुटले हे!”

आतल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत कॉमिक्स होती, खोक्यांत, फळ्यांवर, खुर्चीवरही. काकांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि तिला बसायला सांगितले.

“लोकांना वाटतं, हे पोरांचं खाद्य,” ते म्हणाले. “दोन चौकटींच्या मध्ये कोरी पट्टी असते ना, तिथे खरी गोष्ट घडते. ती वाचणारा घडवतो. आजच्या सिनेमावाल्यांना ती कोरी पट्टीच सोसत नाही. खाज सुटल्यासारखा कॅमेरा हलवत राहतात.”

तिने पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर ठेवला, पण उघडला नाही.

“काका, दीपगृहाचा सिनेमा तुम्ही कुठल्या थिएटरात पाहिला?”

काकूंनी आणून ठेवलेल्या चहात काकांनी साखर घातली आणि ते ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली असणार.

“सापडला म्हणे तो,” ते म्हणाले.

“हो. मी पाहिलाय.”

“किती वेळा?”

“चार.”

चमचा थांबला. मांडीवरचा गठ्ठा बाजूला ठेवून ते उठले, खालच्या फळीवरचे खोके ओढून त्यांनी सुतळीने बांधलेले एक बाड काढले आणि तिच्या हातात दिले. आवाज न चढवता, न उतरवता ते सांगू लागले.

“आठ वर्षांचा होतो. पाठीच्या कण्याचा क्षय. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर. दोन वर्षं मी छताशिवाय काही पाहिलं नाही. दादा थिएटरात मशीन चालवायचा, रोज तीन खेळ. तो सिनेमा बारा आठवडे चालला. मला नेता येत नव्हतं, म्हणून त्याने तो घरी आणला.”

बाडात जाहिरातींच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू होत्या. प्रत्येक पानावर सहा चौकटी, पेन्सिलीने काढलेल्या. कोपऱ्यात पानांचे आकडे. तिने पहिली दहा-बारा पाने उलटली. तिसऱ्या काचेचा तडा होता. बाहेरची कडी होती. टोपीचे एक बटण कमी होते.

“मला वाटायचं सिनेमा असाच असतो,” काका म्हणाले. “पुढे बरा झालो, थिएटरात पहिला सिनेमा पाहिला, तर मनात आलं, हे लोक इतके हलतात कशाला?”

“पण तुम्ही लिहिलंत, पाहिला म्हणून.”

“सदराच्या पहिल्याच वर्षी संपादकांनी विचारलं, सगळ्यांत आवडता कोणता? तोंडातून याचंच नाव गेलं. मागे घ्यायला हवं होतं. पण प्रिंट जळलेली, खोटं ठरवणार कोण? मग ते चिकटलंच.”

“म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही…”

“एक्केचाळीस. तुमचे तरी आकडे चुकायला नकोत.”

ती पाने उलटत राहिली. म्हाताऱ्याचे हात कोटाच्या खिशात. कोळसेवाल्याचे पोत्यामागे. नातवाचे चादरीखाली. तेराव्या पानावर म्हाताऱ्याच्या बाहीतून काहीतरी बाहेर आले होते, गाजरांच्या जुडीसारखे. त्यावर खोडरबर फिरवून पुढे घाईघाईने एक बादली काढली होती.

“काका,” ती जपून म्हणाली, “सिनेमात हात दिसतात. पुष्कळ दिसतात. तुमच्या दादांना हात काढता येत नसावेत.”

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग तेराव्या पानाकडे. एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तशा काकू आतून धावत आल्या.

“काय झालं? काय बोललात यांना?”

“अगं, संयम!” काका डोळे पुसत म्हणाले. “दिग्दर्शकाचा संयम! दोन प्रबंध झाले गं त्या गाजरांवर!”

“काय बाई तरी,” काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “थोरल्या भाऊजींना सरळ रेघ यायची नाही, तुम्हाला मी शंभरदा सांगितलंय.”

तीही हसली. शनिवारपासून पहिल्यांदाच. हसत हसतच तिने शेवटचे पान उलटले आणि थांबली.

मुलगा धक्क्यावरून धावत होता. त्याचे हात पाठीमागे होते, त्यामुळे धावणे जरा विचित्र दिसत होते. पण त्या पानाचा कागद बाकीच्यांसारखा नव्हता. खोडून खोडून त्याला लव आली होती, एका ठिकाणी तो फाटायलाच आला होता. सवयीने तिने पान खिडकीच्या उजेडासमोर धरले. मुलाच्या पायांखाली आधीच्या रेघांचे वळ उमटलेले दिसले. पलंगाची एक कड, आणि वरपर्यंत ओढलेली चादर.

तिने पान खाली घेतले. पण काकांनी तिला उजेडात धरताना पाहिले होते.

“तिथेही काही चुकलंय का?”

प्रश्नाला उत्तर द्यायचे, तेही बरोबर, एवढेच तिचे काम होते. तिने तोंड उघडले आणि काकूंकडे पाहिले. त्या रिकामा कप हातात धरून उभ्या होत्या.

काकांनी पान तिच्याकडून घेतले. त्या लव आलेल्या जागेवरून दोन-तीनदा अंगठा फिरवला.

“बाकीची पानं रोज यायची,” ते म्हणाले. “दुपारचा खेळ संपला की. शेवटचं द्यायला त्याने नऊ दिवस लावले. रोज म्हणायचा, उद्या. मी आळशी म्हटलं त्याला. जेवलो नाही एक दिवस.”

काकूंनी हातातला कप फळीवर ठेवला.

“कसा आहे सिनेमा?” काकांनी विचारले.

“एकशे अठरा मिनिटांचा. आवाजाची पट्टी दोन ठिकाणी…”

“ते नव्हे हो. कसा आहे?”

इतक्या वर्षांत हे तिला कामावर कोणी विचारले नव्हते.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “मध्ये लांबतो. कोळसेवाला नसता तरी चाललं असतं. पण त्या म्हाताऱ्याला काच पुसताना जवळून दाखवलंय, तेव्हा मी मोजायचं विसरले. परत मागे जावं लागलं.”

“हं.” त्यांनी पाने एकावर एक नीट जुळवली आणि सुतळी बांधली. गाठ मारायला त्यांना वेळ लागला. “तो लेख काढा. छापायला मंगळवारी जायचंय ना? उद्या दुपारपर्यंत नवा देतो. दादाचं नाव घालून, आणि मी काय केलं तेही घालून. मग तुम्ही सही करा, पटलं तर.”

“पण त्यासाठी तुम्हाला…”

“आहे ना त्या पेटीत? मग लावा की.”

तिने लॅपटॉप कॉमिक्सच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि उघडला. काकूंनी खिडकीचा पडदा ओढला आणि न विचारता दुसरी खुर्ची नवऱ्याच्या खुर्चीला टेकवून ठेवली. काका वही न घेता बसले. मग तिच्याकडे वळून, एखाद्या अनोळखी प्रेक्षकाला सांगावे तसे म्हणाले,

“शेवट मात्र सांगू नका.”