हरणीचा घास

"कुमुद, आज पोळी नेऊ नकोस," बापू दारातूनच म्हणाले. "शेजारच्या मळ्यावर पाहुणे आलेत. बंदुका घेऊन."

"मग तर नेलीच पाहिजे. हरणी आपल्याकडे असली तर वाचेल तरी."

कुमुदने तुपाचं बोट फिरवलं, गूळ ठेवला, पोळीची घडी केली. पहिली पोळी गाईची, हे माहेरचं वळण. आखातात आल्यावर अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये तो घास कबुतरांना जाई. मग मंदीत बापूंची कंत्राटदारी बुडाली आणि दोघं अल धैदजवळ अरबाब, म्हणजे मालक, युसुफच्या मळ्यावर राखणीला आली. गाय इथंही नव्हती. पण तिन्हीसांजेला कुंपणाच्या फटीतून हरणांची जोडी हौदावर येई आणि कुमुदच्या तळहातावरून पोळी खाई.

म्हातारा युसुफ म्हणे, "माझं पाणी प्यालेल्या जनावरावर गोळी झाडायची नाही." शेजारच्या मळ्याचा मालक म्हणे, "पाणी तुझं, पण जमीन माझी." एवढ्यावरून दोघांचा सलामही बंद झाला होता.

गेला आठवडाभर हरणी एकटीच येत होती. रस्त्यापलीकडच्या अर्धवट व्हिलांना दारं-खिडक्या नव्हत्या. वारा सुटला की त्या कुणाला तरी हाका मारल्यासारख्या घुमत. हरणी पाणी पिऊ लागली की हौदावर दोन जिभांचा आवाज येई. हे कुमुदने बापूंना सांगितलं नव्हतं.

कुंपणापलीकडे हमदुल्ला उभा होता. शेजाऱ्याचे ससाणे तोच सांभाळी.

"भाभी, नर तो खलास. जुम्मे को," तो खाली बघत म्हणाला. "शिकार वो, जो भागे. वो भागा ही नहीं. साब की हथेली सूँघने लगा, जैसे कुछ माँग रहा हो. सब हँसे. मैं नहीं हँसा."

कुमुदने हातातल्या पोळीकडे पाहिलं.

"और ये?"

"आज इसी के लिए बैठे हैं."

हरणी आलीच. कुमुदने पोळी पदराआड केली आणि दगड उचलला. "हट्! जा गं!"

हरणी आणखी जवळ आली. तिने दगड हुंगला. ऊन श्वास बोटांवर आला.

कुमुदने डोळे मिटून दगड मारला. मग दुसरा. "जा, मेले! माणसाच्या वाऱ्याला उभी राहू नकोस!"

बापूंनी वाळवंटाकडचं फाटक उघडलं. हरणीने एकदा वळून पाहिलं आणि ती लंगडत टेकड्यांआड गेली. ती पुन्हा आली नाही.

पहिली पोळी कुमुद अजून करते, पण ती ओट्यावरच वाळते. तिन्हीसांजेला हौदावर आवाज येतो. आता एकाच जिभेचा.

"नळ गळत असेल," बापू म्हणतात.

"असेल हो."

ती हात पदराखाली घेऊन बसते. दिवे लागल्यावर बाहेर काढते, तेव्हा तळवा ओला असतो.