खालच्या शेतातलं घर

बेटावर राहणं म्हणजे स्वर्ग, असं पाहुणे जाताना वहीत लिहून जात. लिहिणाऱ्यांनी एकदा चार खोल्यांच्या चादरी त्या वाऱ्यात वाळत घालून दाखवाव्यात, मग बोलावं. मेरन फ्लेट घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवायची आणि एकतीस वर्षं त्या वाळत घालत होती. नवरा सिगर्ड गेला, गुडघे गेले, कंबर जायच्या बेतात होती. हसून हसून तोंडसुद्धा दुखायचं. आता पुरे झालं होतं बाई. कर्कवॉल शहरात बहिणीच्या शेजारची दोन खोल्यांची जागा तिने बघून ठेवली होती. जिना नाही आणि सकाळी उठून परक्यांची अंडी तळायची नाहीत.

घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं, लीड्सचं एक तरुण जोडपं. घर त्यांना आवडलं, पण खरा डोळा होता समुद्रालगतच्या खालच्या शेतावर. तिथे पाहुण्यांसाठी सहा लाकडी झोपड्या बांधायच्या होत्या. शुक्रवारी सह्या, सोमवारी पाया खणायला मशीन. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

त्या शेताखाली आधीच एक घर होतं, पाच हजार वर्षांपूर्वीचं. मेरन पाहुणे ठेवायला लागली त्याच्या आदल्या वर्षी सिगर्डचा नांगर एका उभ्या दगडाला अडकला. दोघांनी माती उकरली, तर खाली भिंत, मधोमध चूल, कडेला दगडी बिछान्यांच्या चौकटी. बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की असलं काही कळवलं की सरकारी माणसं येतात, दोऱ्या बांधतात आणि आपल्याच शेतात परवानगी काढून पाय ठेवावा लागतो. शेजारच्या हेडलचं निम्मं कुरण असंच गेलं होतं. सिगर्डने दोन दिवसांत सगळं बुजवलं, वर गवत पेरलं आणि बायकोकडून शब्द घेतला. तिनेही दिला. दगडच तर होते.

पण मग डॉक्टर लॉरिमर यायला लागले. आजारी माणसांचे नव्हेत, जुन्या काळाचे डॉक्टर. एकोणीस उन्हाळे त्याच मागच्या खोलीत, तीच ओटची लापशी आणि तोच एक प्रश्न. बेटाच्या उत्तर टोकाला त्या जुन्या लोकांचं थडगं सापडलेलं होतं. मेलेले मिळाले, पण ते जगत कुठे होते? डॉक्टर दरवर्षी उत्तरेला खणत आणि संध्याकाळी चिखलाने माखून हात हलवत परत येत. मेरन त्यांचे मोजे चुलीशी वाळत घालायची. कितीदा ओठांवर आलेलं तिने गिळलं, तिचं तिला माहीत. सिगर्ड गेल्यावरही गिळलं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणं जास्तच जड जातं.

त्या बुधवारी न्याहारीला डॉक्टर म्हणाले, हा शेवटचा उन्हाळा. त्या लोकांची घरं बहुतेक समुद्राने नेली असणार. "तसंच लिहून टाकतो आणि मोकळा होतो."

मोकळं होण्याची घाई तिलाही होती. आणखी दोन दिवस तोंड बंद ठेवलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण हा माणूस एकोणीस वर्षांनी खोटं लिहिणार, आणि सोमवारी मशीन त्या चुलीवरून जाणार. ते काही तिच्याने गिळवेना. तिने किटली खाली ठेवली.

"समुद्राने नेली नाहीत, डॉक्टर. एक माझ्या खालच्या शेतात आहे."

डॉक्टर हसले. त्यांना थट्टा वाटली. मग तिने त्यांना बाही धरून घरामागे कोंबड्यांच्या खुराड्याकडे नेलं. सिगर्डने त्या घरातला एकच दगड वर आणला होता आणि खुराड्याचा उंबरा म्हणून बसवला होता. बादलीभर पाणी ओतून तिने झाडूने घाण घासली, तशा खाली कोरलेल्या रेघा दिसायला लागल्या, चौकटीत चौकट. डॉक्टर खाली बसायला गेले आणि अर्ध्यातच गुडघा अडकला. तिने हात दिला. मग नांगर, चूल, बिछाने, शब्द, सगळं सांगून टाकलं.

तिला वाटलं होतं, म्हातारा आनंदाने नाचेल. तो कितीतरी वेळ नुसता त्या दगडावरून बोट फिरवत राहिला.

"पहिल्यांदा आलो तेव्हा मी एक्कावन्नचा होतो, मेरन. तेव्हा खड्ड्यात उतरता येत होतं."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

असू दे, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. का म्हणावं त्यांनी? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लीड्सला फोन तिने स्वतःच केला. ती पोरं सभ्य होती. विचार करून कळवतो म्हणाली, म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं.

दुपारी दोघं खालच्या शेताच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. डॉक्टर गवताकडे बघत होते. घाई करून चालणार नाही, ते म्हणाले, दहा उन्हाळे तरी लागतील. पुढच्या मे महिन्यात खणायला कॉलेजची चौदा पोरं येतील, आणि मलाही काठावर खुर्ची टाकून बसू द्या. मग ते जरा अडखळले.

"पण राहायचं कुठे? तुम्ही तर निघालात."

दहा वर्षं. म्हणजे ती सत्त्याहत्तरची होईल. मेरनने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"चार खोल्या आहेत," ती म्हणाली. "मागची तुमची. उरलेल्या तिन्हींत दोघं-दोघं. बाकीच्यांना हेडलकडे पाठवा, तेवढ्याहून जास्त आता माझ्याने होणार नाही."