सायकलच्या ट्यूबच्या चार चकत्या

तेजसने फोनच्या तोंडावर हात धरला, ओट्याकडे मान वळवली आणि दोनदा चुटकी वाजवली. मग बोट वर करून खिडकीतला एक्झॉस्ट फॅन दाखवला. बंद करा.

विजयमालाच्या समोर कढईत तेल तापलेलं, मोहरी तडतडून झालेली, आणि हातात ठेचलेल्या मिरची-लसणाची वाटी. तिने फॅनकडे बघितलं, तेजसच्या बोटांकडे बघितलं. गावाकडे कुत्र्यालासुद्धा नाव घेऊन हाक मारत. तिने बटण बंद केलं आणि वाटी कढईत उपडी केली.

त्या घराला स्वयंपाकघराची भिंत नव्हती. ओपन किचन म्हणतात त्याला. भिंत न बांधता तिची किंमत लावण्याची युक्ती ज्या बिल्डरला पहिल्यांदा सुचली, त्याने आयुष्यात एकदाही मिरचीची फोडणी दिलेली नसणार. ओट्यापासून सहा पावलांवर सोफा, सोफ्यावर तेजस, तेजसच्या मांडीवर लॅपटॉप. रोज संध्याकाळी सात वाजता त्याला अमेरिकेचा फोन असे. तिकडे सकाळ, कामाची नुकती सुरुवात. इकडे ऐन स्वयंपाकाची वेळ.

ठसका उठला. विजयमालाने तोंडात पदर कोंबला आणि ती ड्राय बाल्कनीत पळाली. सरकतं दार ओढून घेतलं आणि वॉशिंग मशीनला धरून खोकली. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत खोकली. परत आली तेव्हा लसूण काळा पडला होता.

फोन संपल्यावर तेजस ओट्याशी आला. तो शनिवार पेठेत वाढलेला. तिथली माणसं रागावली की आवाज चढवत नाहीत, उलट जास्तच नम्र होतात.

"मावशी, क्लायंट विचारत होता, तुम्ही विमानतळावरून बोलताय का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे दुधी होतोय."

"आवाज करतोय खरा, दादा."

"तर असं करू. कॉल चालू असताना पंखा बंद. बाकी वेळ तुम्ही खुशाल विमानं उडवा."

"फोडणी त्याच वेळेला असती. धूर कुठं जायचा?"

"पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे." तेजसने फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली. त्याचे फोन तासाच्या आत संपत नसत.

ससूनच्या डॉक्टरने मागच्याच महिन्यात विजयमालाच्या कागदावर काहीतरी खरडून तोंडी सांगितलं होतं, "बाई, धुरापासून लांब राहा." तिने विचारलं होतं, "किती लांब?" वीस वर्षं ती चार घरचा स्वयंपाक करत होती. डॉक्टरने तेवढ्यात पुढच्या पेशंटला हाक मारली. फॅन चालू असला तर श्वास पुरायचा. बंद असला तर पुरायचा नाही. प्रश्न एवढा साधा होता.

"मी दुरुस्त करून आणते पंखा," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"आमचं मालक करतेत. मोटारीच्या कारखान्यात होते."

"बघा बुवा," तेजस म्हणाला. "झाला तर उत्तमच. नाही तर बटण आहेच."

*

कारखान्यात होते. सतरा वर्षं होते. उत्तरेश्वर परांड्याकडून हडपसरला आला तो बावीस वर्षांचा असताना, आणि लागला पत्रे कापायच्या प्रेसवर. दर दोन सेकंदांनी प्रेस खाली यायची. अख्खी जमीन हादरायची. कानात घालायला कापसाचे बोळे सुपरवायझर द्यायचा, तेसुद्धा तपासणीला साहेब येणार असले तर. अडतिसाव्या वर्षी उत्तरेश्वरला बायकोची हाक ऐकू येईना, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं, 'वयोमानानुसार'. त्या प्रेसचा आवाज कमी करा म्हणून कुणी चुटकी वाजवली नाही. पुढच्या वर्षी कारखानाच बंद पडला. त्या जागेवर आता काचेची इमारत होती आणि तेजस रोज सकाळी तिथेच कामाला जात होता. योगायोग वगैरे काही नाही. हडपसरात मोकळी जागा उरली कुठे होती?

हे सगळं विजयमाला रोज त्या इमारतीसमोरून जाताना मनात म्हणायची आणि रोज तिला नव्याने राग यायचा. राग शिळा होत नाही, हे तिला चाळिशीत कळलं होतं.

रविवारी सकाळी तिने स्टुलावर चढून फॅन उतरवला, गोणपाटात बांधला आणि दुपारी घरी आणला. उत्तरेश्वरने खोलीत वर्तमानपत्र पसरलं. फॅनवरून बोट फिरवलं तर बोटावर मधासारखी काळी चिकटी आली.

"कवापास्नं धुतला न्हाई गं ह्यो?" तो ओरडला. बहिरी माणसं ओरडतातच.

तिने पाच बोटं दाखवली. पाच वर्षं.

"फरशी दोन टाइम पुसत्यात, आन् पंखा न्हाई पुसत!"

तिने पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा टाकला. पाती भिजत घातली, मग खरवडली. मोटार त्याने खोलली. आतला बुश, दांडा ज्यात फिरतो ते कडं, झिजून अंडाकृती झालेला. घरोघरचे फॅन दुरुस्त करताना जमवलेल्या सुट्या भागांच्या डब्यातून त्याने मापाचा बुश शोधला, ठोकून बसवला, तेल सोडलं. मग पाती जोडून हाताने गरकन फिरवली. थांबली तेव्हा एक पातं खाली होतं. पुन्हा फिरवली. तेच खाली.

"हेच जड हाय. म्हनून थरथरतंय." समोरच्या पात्याच्या पाठीला त्याने पत्र्याची छोटी चकती ठोकली. फिरवलं. आता पाती कुठेही थांबू लागली.

शेवटी त्याने फॅनला वीज दिली, डोळे मिटले आणि चौकटीवर तळवा ठेवला. आवाज त्याला असा कळायचा. कानांनी सोडून दिलेलं काम हाताने उचललं होतं.

"ग्वाड चालतोय. पर तिथं कशावर बसवलाय?"

तिने खिडकीचा आकार हवेत काढला, वर प्लायवूडची फळी दाखवली आणि चार स्क्रू पिळले.

"नुसता फळीवर? मग फळी वाजनारच की!" त्याने सायकलची जुनी ट्यूब काढून चार चकत्या कापल्या, मधोमध भोक पाडलं. "स्क्रूच्या आत ह्या घाल. लई आवळू नगंस."

हे चालू असताना ती दोनदा खोकली. पाठ फिरवून खोकली, म्हणजे झालं. गेली काही वर्षं हा खोकला त्या घरात होता आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या बहिरेपणाचा तिला तेवढाच फायदा झाला होता.

*

सोमवारी सात वाजता फॅन पूर्ण वेगाने फिरत होता आणि बारीक घुं एवढाच आवाज येत होता. मिरचीचा धूर दोरी ओढल्यासारखा खिडकीबाहेर गेला. तेजसने फोन चालू असतानाच अंगठा दाखवला. भाग्यश्री, त्याची बायको, साडेसातला ऑफिसातून आली तेव्हा म्हणाली, "अय्या, लाइट गेलेत का? पंख्याचा आवाज नाही!"

विजयमालाने मान वर करून एकदा फॅनकडे बघितलं. आपल्या माणसाचं काम वर, खिडकीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. त्या रात्री तिने पोळ्या जरा जास्तच पातळ लाटल्या.

गुरुवारी तेजस पुन्हा ओट्याशी आला. या वेळी तो फारच नम्र होता.

"मावशी, राग मानू नका. पंखा एकदम फर्स्ट क्लास झालाय. पण आता तुमचा खोकला ऐकू येतो."

ती कणीक मळत होती. हात थांबले.

"म्हणजे आधी पंख्याच्या आवाजात कळत नव्हतं. काल क्लायंटने विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. मला एम्बॅरसिंग होतं हो."

"मुद्दाम खोकत न्हाई, दादा."

"नाही नाही, तसं नाही. जरा कंट्रोल होतो का बघा."

तिने बघितलं. शुक्रवारी सात ते आठ श्वास तोलून तोलून घेतला. खोकला छातीत दाबला की दुप्पट होऊन वर येतो, हे तेजसला कुणी शिकवलं नव्हतं. आठला पाच कमी असताना खोकला बाहेर पडला, आणि पडतच राहिला. तेजसने लॅपटॉप उचलला आणि बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. त्या घरात दार लावता येण्याजोगी खोली होती, हे विजयमालाला तेव्हा आठवलं. पहिल्या दिवसापासून होती.

रविवारी भाग्यश्रीने तिला खुर्ची दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतेय. थोडे दिवस आराम करा. उद्यापासून दुसऱ्या ताई येतील. तरुण आहेत, त्यांना झेपेल."

विजयमाला बसली नाही.

"माझ्या तब्येतीसाठी?"

"हो ना. किती खोकता तुम्ही."

"धा दिसांपूर्वी पंखा बंद करा म्हनले, तवा कुटं गेलती माझी तब्येत?" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "पंख्याचा आवाज कमी करता येत होता, ताई, म्हणून करून दिला. माझ्या छातीला रबर लावता येत न्हाई. येत असतं तर तेबी लावून आले असते."

भाग्यश्री लाल झाली. सोफ्यावर तेजसने मान वर केली नाही, पण टाइप करणं थांबवलं.

पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर होता. आवळून बघायला म्हणून सोमवारपासून तसाच राहिलेला. विजयमालाने स्टूल ओढलं, चढली आणि चालू फॅनचा पहिला स्क्रू उलटा फिरवला. चकत्या तिच्या होत्या. ट्यूब तिच्या घरची, कापणारा हात तिच्या माणसाचा. घ्या मग विमानतळ परत. दुसरा स्क्रू सैल झाला आणि फळी खडखडायला लागली. तो जुना खडखडाट घरभर भरला आणि तिच्या अंगात एकदम बळ आलं.

"मावशी, काय करताय?" तेजस उठला होता. चुटकीसाठी त्याचा हात आपसूक वर आला होता.

ती त्या हाताकडे बघत राहिली. उद्या सात वाजता तो असाच वर येणार. तेव्हा ओट्याशी ती असणार नाही. कुठली तरी पोरगी असणार, लातूरची नाहीतर बार्शीची, अजून छाती कोरी असलेली. नवं काम, नवं घर. ती निमूट बटण बंद करील. चकत्या काढून तेजसचं काहीच बिघडणार नव्हतं. त्याच्याकडे बटण होतं.

विजयमालाचा राग तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या, अडला. तो फेकायला जागाच नव्हती. तिने दोन्ही स्क्रू परत आवळले. बेताने, नवऱ्याने सांगितलं होतं तसे. खडखडाट थांबला.

"स्क्रू ढिला होता," ती म्हणाली. "उद्या येईल तिला सांगा, पंखा चालूच ठेव. कवाबी बंद करू नको." मग तेजसकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही दार लावून बोला. दार हाय तुम्हाला."

हात धुऊन, पिशवी उचलून ती निघाली. जिन्यात तिने पंख्याच्या आवाजासाठी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही.

*

"कसा चालतोय?" घरात पाय ठेवताच उत्तरेश्वरने विचारलं. आठवडाभर रोज विचारत होता.

तिने पंजा त्याच्या दंडावर ठेवला आणि तसाच ठेवला. असा. जरासुद्धा न हलता.

तो हसला. "म्हनलं नव्हतं?"

तेवढ्यात खोकला आला. तिने सवयीने पाठ फिरवली, पण हात त्याच्या दंडावरच राहिला. उत्तरेश्वरचं हसू गेलं. त्याने आपला तळवा तिच्या पंजावर दाबला, डोळे मिटले, आणि ती थांबेपर्यंत काढला नाही.

"कवापास्नं?" या वेळी तो ओरडला नाही.

तिने पिठाचा डबा काढला, स्टोव्ह पेटवला. घरची भाकरी व्हायची होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे पंख्याचा प्रश्नच नव्हता.

उत्तरेश्वर उठला आणि त्याने दार सताड उघडलं. वारा ते सारखं लोटत होता, म्हणून शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत तो दाराला पाठ लावून उभा राहिला.