‘मला’ शुद्ध धरावा

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मनोहररावांनी मराठी शुद्धलेखन आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर तयार केलं. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. फक्त ती ईमेलनेच पाठवावी. मुक्तपणाला एवढी शिस्त हवीच.

माझ्या शेजारच्या शोभाताई त्यावर वऱ्हाडी नाटक लिहीत होत्या. त्यांनी ‘मले’ टाइप केलं की सॉफ्टवेअर ‘मला’ करी. नाटकातली काटोलची भांडखोर सासू पहिल्या अंकातच पुण्याची झाली. आणि संहिता सोमवारी स्पर्धेला द्यायची होती.

त्यांची मुलगी अश्लेषा नागपूरच्या मिहानमध्ये, एका आयटी कंपनीत प्रोग्रामर. तिने मनोहररावांना ईमेल केला: ‘मले’ शुद्ध धरावा.

उत्तर आलं, “‘मला शुद्ध धरावा’ ही आपली सूचना मिळाली. तो शुद्धच आहे. धन्यवाद.”

अश्लेषाचा ईमेलही त्याच सॉफ्टवेअरमधून सुधारून गेला होता.

मग अश्लेषाने दुरुस्ती एका वेबसाइटवर ठेवली. जगभरचे प्रोग्रामर म्हणे तिथेच काम करतात. मनोहरराव दार वाजवायला गेले, तर वेबसाइट म्हणाली, आधी माणूस असल्याचं सिद्ध करा. चित्रातले सिग्नल ओळखा. मनोहररावांचा जन्म नागपुरात गेलेला. सिग्नलकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तीनदा नापास झाले.

शेवटी रविवारी सगळे माझ्याकडे आले. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, म्हणून मी निःपक्षपाती.

“काका, ईमेलवर कोण काम करते आता?” अश्लेषा म्हणाली.

“ईमेल कुणाच्या मालकीचा नाही. ती वेबसाइट उद्या बंद पडली तर?”

“तुमचा ईमेल तर चालू असूनही बंद आहे!”

“भांडा जी निवांत,” शोभाताई म्हणाल्या. “माही सासू उद्यापर्यंत पुण्यातच राहू द्या.”

“हे पाहा, ‘मले’ हा शब्द प्रमाण मराठीत…”

“प्रमाण गेलं उडत, काका. तुम्हाला वेबसाइट जमत नाही, एवढंच आहे.”

मनोहरराव ताडकन उठले. “मले शिकवून राहिली का वं तू?”

शोभाताईंनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

“काय म्हणालात जी?”

मनोहरराव बसले. अश्लेषाने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी स्वतःच्या हाताने ‘मले’ शुद्ध शब्दांच्या यादीत घातला. ईमेल नाही, वेबसाइट नाही. दुरुस्ती टीपॉयवरून गेली. नवी आवृत्ती लगेच शोभाताईंच्या कॉम्प्युटरवर चढली आणि सासू काटोलला परतली.

संध्याकाळी मनोहररावांनी घरच्या, अर्थात जुन्याच आवृत्तीवरून सॉफ्टवेअरच्या ईमेल-गटातल्या सर्व सभासदांना ईमेल केला: “दीर्घ चर्चेअंती ‘मला’ हा शब्द आजपासून शुद्ध धरण्यात येत आहे.”

सोलापूरच्या एका सभासदाने नम्रपणे विचारलं, “मग इतके दिवस काय होता?”

उत्तर फक्त शोभाताईंनी दिलं: “मले काय माहीत!”

‘मले’ जसाच्या तसा पोचला.