दीडपट पगार

इस्त्रीवालीला मालकांनी पगाराचा दाखला दिला तो चांगल्या मनाने, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक लगेच मालकांच्या नावाने बोटं मोडायला मोकळे. झालं असं, की नवऱ्याने पोरीचा ताबा मागायला केस घातली. "हिचं हिला पोट भरता येत नाही, पोरीला काय घालणार?" असं अर्जात लिहिलं मेल्याने. ते ऐकून लाँड्रीचे मालक असे तापले, की दाखल्यावर पगार सरळ दीडपट लिहून टाकला. "घाल त्याच्या तोंडावर!" म्हणाले. तिलाही बरं वाटलं. बारा वर्षं उभ्याने इस्त्री केलेली. कागदावर का होईना, कुणीतरी किंमत केली. दाखला तिने स्वतः कोर्टात दिला.

आता मोफत वकील मिळवून देणाऱ्या एका खासगी संस्थेच्या कचेरीत टेबलामागच्या बाई कोर्टाच्या कागदांतली त्याच दाखल्याची नक्कल वाचत होत्या.

"ताई, एवढ्या पगाराला मोफत वकील नाही मिळत. संस्थेच्या मर्यादेच्या वर आहात तुम्ही."

"अहो, तेवढा नाहीये तो."

"मग दाखला खोटा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "खरा पगार लिहा, सही करा. वकील आजच देते. पण दोन कागदांत दोन पगार दिसले, तर नवऱ्याचा वकील सोडणार नाही. आई खोटारडी आहे म्हणेल. तुमच्या मालकांनाही कोर्टात खेचेल."

इकडे आड, तिकडे विहीर. ज्या माणसाने आपल्यासाठी खोटं लिहिलं त्याला कसं अडकवायचं? आणि खोटारड्या आईला पोर कोण देईल? तिने पेन खाली ठेवलं.

"दाखला खराच आहे," ती म्हणाली. बाईंनी अर्जावर 'अपात्र' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

तारखेला नवऱ्याचा वकील अर्धा तास बोलला. त्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून गेलं. मग जजसाहेबांनी फाईल चाळली, दाखल्यापाशी थांबले आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पगार तर चांगला दिसतोय. मग वकील का नाही केलात? स्वतःच्या मुलीसाठी एवढंही करावंसं वाटलं नाही?"

मालक मागच्या बाकावर बसले होते. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पुढच्या तारखेपर्यंत पोर बापाकडे राहील, असा हुकूम झाला.